तांबडीसाठी चुंबळ

शिरवणे, शनिवार, १६ जानेवारी १९८२

तांबडीचं अंडं आज अख्खं निघालं! बाकी सगळं नंतर, हे आधी लिहून टाकते.

घरमालकीण हिराबाय आठवडाभर एकच ऐकवत होती, "आपलाच अंडा खानारी कोंबरी घरान नको. रविवारी पावनं येतान, रस्सा करीन." उद्याच रविवार. आणि दोष तांबडीचा नव्हताच. खुराड्यातल्या खोक्यात वखारीतला भुसा मीच घातला होता, पट्टीने मोजून दोन इंच. ती तो उकरून बाहेर टाकायची, अंडं उघड्या फळीवर आपटून तडकायचं, मग ती ते खायची. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज मिलिग्रॅम मोजते मी, पण घातलेला भुसा खोक्यात टिकतो का, हे बघायचं सुचू नये?

काल हे हिराबायला कबूल केलं. ती हसली. "एवरी शिकलीस गो, डोईवर पाटी कशी ठरते तं ठावं नाय?" तिने पेंढ्याची जाड चुंबळ वळून खोक्यात घट्ट बसवली. मधल्या खळग्यात मी बारीक कापलेला कोरडा पेंढा भरला.

आज कामावरून आले, तर चुंबळ जागच्या जागी, पेंढा तसाच आणि मधोमध अंडं. फळी कुठे दिसेचना. एका अंड्यावरून निष्कर्ष काढू नये, ठाऊक आहे. तरी...

हिराबायने अंडं उजेडात फिरवून पाहिलं. "बरा. पावन्यांना सुकट."

मी खोलीत आले, कडी लावली आणि एकटीच नाचले.