तीनच पट्टे!

३ जानेवारी, सकाळी ८.१०
शिवाजी पार्कचा राउंड अर्धवट टाकून घरी. कारण जयवंत. चाळीस वर्षं शेजारी, आजपासून वैरी. नात श्रेया बरोबर होती. तिला सांगत होतो, रामाने खारीच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली म्हणून तिला तीन पट्टे. हा मध्येच म्हणतो, गुणाजी, आपल्या कंपाउंडातल्या खारीला पाच आहेत, नीट मोज की रे! सगळे वॉकर हसले. श्रेयाने प्रोजेक्टच्या वहीत पाच लिहिलं. नात माझी आणि शब्द त्याचा? बघून घेईन.

५ जानेवारी
अभ्यास केला. जाती दोन. तीन पट्ट्यांची दक्षिणेकडची, पाच पट्ट्यांची उत्तरेकडची. दिसायला सख्ख्या बहिणी. पाचवालीचे कडेचे दोन पट्टे फिकट असतात म्हणे. बाल्कनीतून बदामावरची खार तासभर पाहिली. तीन. फिकटबिकट काही नाही. बायको मालन म्हणाली, आधी तो मोतीबिंदू काढून घ्या, काल चहात मीठ घातलंत. बरण्या सारख्या, दोष माझा!

८ जानेवारी
प्लॅन ठरला. २६ जानेवारी, सोसायटीचा सत्यनारायण. गेटवर सहा फुटी फ्लेक्स. खारीचा फोटो, बाजूला हात जोडलेला मी, वर ठळक ‘तीनच!’. मग जयवंतने माईकवर माफी मागायची, श्रेयासमोर.
संकल्प: तोपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही.

९ जानेवारी
लिफ्टपाशी वरच्या मजल्यावरच्या महादेवला सगळा प्लॅन सांगितला. तो म्हणाला, फ्लेक्स दहा फुटी कर. नंतर कळलं, तो जयवंत होता. पॅसेजमध्ये उजेड कमी. सेक्रेटरीला पत्र टाकायचं आहे.
सूचना मात्र चांगली होती. दहा फुटी.

१९ जानेवारी
फ्लेक्सवाला राकेश स्वतः कॅमेरा घेऊन आला. खारीचा फोटो काढला, माझाही. संध्याकाळी कॉम्प्युटरवर दाखवून दोनदा विचारलं, काका, नक्की हेच फोटो? नक्की तीनच? बिचारा भारावला होता. म्हटलं, छाप.

२४ जानेवारी, सायं. ६
फ्लेक्स लागला! येणारा-जाणारा थांबतो आणि पोट धरून हसतो. जयवंतची अब्रू गेली. खुद्द जयवंतने फ्लेक्सखाली उभं राहून सेल्फी काढला. शरण आला. कीव येत होती, दाबून टाकली.

२६ जानेवारी, रात्री
तीर्थप्रसादानंतर माईक घेतला. म्हटलं, श्रेया, सगळ्यांसमोर मोज. फ्लेक्स गेटवरून आणून मांडवातच लावला होता. ती खुर्चीवर चढली. एकेका पट्ट्यावर बोट ठेवत गेली. तीनवर मी टाळी वाजवली. ती थांबली नाही. चार, पाच. मग हळूच म्हणाली, सॉरी आजोबा.
हशाने मांडव कोसळायचा बाकी राहिला. नातही फितूर!
डोळ्याचं ऑपरेशन करून घेतोय. मालन सांगते म्हणून नाही. जयवंतला खोटं पाडायला.

११ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
काल पट्टी सुटली. आज खार आली. मोजली. परत मोजली.
पाच.
श्रेया उठायच्या आत फ्लेक्स उतरवायला खाली गेलो. तो पुन्हा गेटवर. जयवंत शिडीवर चढून दोऱ्या आवळत होता. म्हणाला, राहू दे रे, फोटो झकास आलाय.
पहिल्यांदाच नीट पाहिला. दहा फुटी फ्लेक्स, वर ‘तीनच!’, खाली हात जोडलेला मी. डोळे घट्ट मिटलेले.