मेलेल्या पिल्लाची हाक

नाशिक,
१४ मार्च १९९९

प्रिय सुनील,

तुझं पत्र मिळालं. इथे सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच आहे. बाबांच्या मळ्यात गुलाब चांगला फुललाय. फुलं घेऊन मीही दोनदा त्यांच्याबरोबर बाजारात गेले. मनमाडहून माझं परतीचं तिकीट कधीचं काढायचं, असं तू विचारलंस. ते शेवटी लिहिते.

"पाहुण्यांसमोर रुसून निघून गेलीस," असं लिहिलंयस. मी रुसले नव्हते. लग्न झाल्यापासून आपण दोघांनी आसामातल्या त्या गवतात बसून गेंड्यांचे आवाज टेप केले. पिल्लू गवताआड दिसत नसलं तरी मादी नुसत्या हंबरण्यावरून आपलं पिल्लू ओळखते, दुसरीच्या पिल्लाला ओ देत नाही, हे आपण मिळून शोधलं. फाटक्या कानाच्या त्या मादीचं पिल्लू जानेवारीत वाघाने नेलं. ती तिथेच कशी घुटमळते, हे तूच मला दाखवलंस.

आणि तूच, अनुदान देणाऱ्या पाहुण्यांना जीपमध्ये बसवून, त्या मेलेल्या पिल्लाचा आवाज लाउडस्पीकरवर लावलास.

ती गवत मोडत आली. येताना ओ देत होती. जीपपाशी थांबून लाउडस्पीकर हुंगत राहिली. पाहुणे फोटो काढत होते. मी म्हटलं, "बंद कर."

"थांब गं. ओळखते हे सिद्ध होतंय ना," असं म्हणून तू पुन्हा लावलास. मग एका बाईंना फोटो मिळाला नाही, म्हणून आणखी एकदा. याला तू प्रयोग म्हणतोस? दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच रस्त्यावर उभी होती. मी बॅग भरली ती तिला पाहून.

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "रेडकू मेलं तर लोक त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवतात, दुधासाठी. मी नाय ठेवलं कधी."

आपल्याला परवानगी होती ती आवाज टेप करण्याची, ऐकवण्याची नाही. अर्जावर माझीही सही आहे. झालं ते सगळं मी परवाच वनखात्याला लिहून कळवलं. प्रकल्प बंद पडेल. तुझं नाव जाईल, माझंही जाईल. आईला अजून बोलले नाही. ती जावयासाठी बेदाणे वाळवतेय.

तिकीट काढू नकोस. चौकशीला बोलावलं तर माझी मी येईन आणि पाहिलं तेच सांगेन. तोवर त्या मादीला पुन्हा बोलावू नकोस.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढं अजून वाटतं, म्हणून लिहिलं.

तृप्ती