गोळी सरळ जात नाही

४ फेब्रुवारी

ह्यांनी रायफल पाडली. जिन्यावरून — पेटीसकट! रायफल वाचली, पण तिच्यावरची दुर्बीण जागची हलली. आणि नेमबाजीची निवडचाचणी रविवारी! माझी नणंद — घरात सगळे तिला बारकी म्हणतात, उंचीने आम्हा सगळ्यांच्या वर — नुसती पेटीशी बसून राहिली. भाऊराया दिवसभर तोंड लपवत फिरताहेत. भरपाई म्हणून तिच्या शर्टाला इस्त्री करायला गेले आणि बाही जाळली.

५ फेब्रुवारी

दुर्बीण पुन्हा जुळवायची, म्हणजे गोळी कुठे लागते ते दुसऱ्या मोठ्या दुर्बिणीतून कुणीतरी बघून सांगायला हवं. एरवी हे काम करणारी तिची मैत्रीण परगावी. बारकीने मलाच विचारलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते — तेवढ्या भांडवलावर माझी नेमणूक!

समजवायला तिने बागेतला पाइप हातात दिला. पाणी सरळ जात नाही, तशी गोळीही जात नाही म्हणे. नळीतून निघाली की पडायलाच लागते, म्हणून नळीचं तोंड किंचित वर ठेवायचं. जेवढं लांब, तेवढं जास्त वर. जवळच्या कुंडीत पाणी नीट पडलं. लांबच्या कुंडीसाठी हात वर केला, तर शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरी भिजल्या. काकूंनी माझ्याकडे बघितलं फक्त. तेवढं पुरे होतं.

६ फेब्रुवारी

रेंजवर. आधी पंचवीस मीटर. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून ती पालथी झोपली. तीन गोळ्या मारल्या. कागदावर तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून — पण मध्यापासून चार बोटं उजवीकडे. मला वाईट वाटलं, ती मात्र खूश! भोकं जवळजवळ आहेत म्हणजे हात बरोबर, चूक दुर्बिणीची. दुर्बिणीवरची चकती फिरवली. मग शंभर मीटर, थोडी आणखी फिरवाफिरव, आणि बरोब्बर मधोमध! मी टाळ्या वाजवल्या. तिला शिकवणाऱ्या उस्तादांनी डोळे वटारले.

७ फेब्रुवारी

तीनशे मीटर. पहिली गोळी — कागदावर भोकच नाही. दुसरीचंही नाही. बारकीचा चेहरा पडला. गेल्या वर्षी ह्याच अंतरावर तिची निवड हुकली होती. रायफलच कामातून गेली, असं पुटपुटत उठायला लागली. मी तिला दटावून पुन्हा झोपवलं. अजून एक मार म्हटलं.

ह्या वेळी कागद सोडून मागच्या मातीच्या बांधाकडे बघितलं. धूळ उडाली!

"बारके, खाली जातेय. कागदाच्या खाली, पण अगदी सरळ रेषेत."

ती हसायलाच लागली. शंभर मीटरची जुळणी तशीच ठेवून तीनशेवर मारत होती! एवढ्या लांब गोळी हातभर खाली येते, हे काल-परवा मला शिकवणारी तीच. धास्तीने साफ विसरली. चकती वर फिरवली — आणि पुढची गोळी काळ्या वर्तुळात.

परतताना म्हणाली, "वहिनी, आता तू नसलीस तर मी मारणार नाही."

मी खिडकीबाहेर बघत बसले.

८ फेब्रुवारी

निवड झाली!! वाऱ्याने एक गोळी जरा सरकवली, तरी झाली. उस्तादांना तिने परस्पर सांगून टाकलं — स्पर्धेत दुर्बिणीवर वहिनीच. हे चारचौघांत रडले.

९ फेब्रुवारी

दुकानात रजा मागितली. मिळाली.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. लग्नाला नऊ वर्षं झाली, लोकांनी विचारायचंही सोडलं होतं! रेंजच्या आसपासही फिरकायचं नाही म्हणाल्या. बारकीला म्हटलं, मी कान घट्ट झाकून बसेन की.

तिने माझ्या पोटाकडे बघितलं.

"तुझे झाकशील, वहिनी. त्याचे कोण झाकणार?"