टोक घासलेला बिट

मुलुंड (पूर्व)
११ फेब्रुवारी २०२५

चि. केयूर यास अ. उ. आ.

ताईचं पत्र बघून हसशील. पण फोनवर तुझ्याशी बोलायला लागले की हे लगेच अस्वस्थ होतात, उं उं करून डावा हात आपटतात. पक्षाघाताच्या झटक्यात वाचा आणि उजवी बाजू गेली त्याला आता वर्ष होईल, पण हे आपटणं नवीन आहे. त्यापेक्षा दुपारी ते झोपले की चार ओळी लिहाव्यात हे बरं.

गाडीचा मागचा दिवा गेलाय. साधा बल्ब बदलायचा, पण कव्हरचा स्क्रू निघेना. तू रविवारी आणलेल्या नव्या स्क्रूड्रायव्हरच्या संचातला फुलीचा बिट लावला. अगदी फिट बसल्यासारखा वाटला, आणि जोर लावल्यावर सटकन वर आला. तीनदा तसंच. स्क्रूची खाच गुळगुळीत झाली आणि माझ्या तळहाताला फोड. यांना तिथेच खुर्चीत बसवलं होतं, ते सारखी नाही नाही अशी मान हलवत होते. मी खेकसले त्यांच्यावर. मग घरी येऊन रागाच्या भरात त्यांचा जुन्या बिटांचा डबा आवरायला काढला, त्यातला एक टोक झिजलेला बिट कचऱ्यात टाकला. तर यांनी एका हाताने अख्खी बादली उपसली आणि तो बिट मुठीत धरून बसले. लादी पुन्हा मलाच पुसावी लागली.

मेकॅनिक एका बल्बसाठी येत नाही. गाडी त्याच्याकडे टाकली तर यांना घाटकोपरला फिजिओकडे न्यायचं कसं? रिक्षेत चढवायचं म्हणजे माझ्या कमरेची वाट. दमले रे मी. आम्हाला मूलबाळ असतं तर तुझ्या मागे लागले नसते. बदलापूरच्या त्या शुश्रूषा केंद्रात यांचं नाव घालू म्हणालास ना, घाल. तू म्हणतोस तसं असेल, कुठे आहोत हे त्यांना कळणारही नाही.

श्वेताच्या हातचं वेळेवर जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कुंदाताई

अंधेरी
१५ फेब्रुवारी २०२५

ती. कुंदाताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. लोकांना वाटलं मला कोर्टाची नोटीस आली. अक्षर मात्र तुझं अजून शाळेतल्यासारखंच आहे, झकास.

स्क्रूचं मी शोधून काढलं, दोन संध्याकाळी व्हिडिओ बघत बसलो होतो. तुमची गाडी जपानी धाटणीची आहे. तिच्या स्क्रूची फुली दिसायला आपल्या नेहमीच्या स्क्रूसारखीच, पण खाच उथळ. साध्या बिटाचं लांब टोक आधी तळाला टेकतं, बाजू धरतच नाहीत, म्हणून तो सटकतो. त्यासाठी वेगळा बिट मिळतो. नाहीतर जाणकार लोक साध्याच बिटाचं टोक कानशीने घासून आखूड करतात. मी आणलेला संच म्हणजे नुसता चकचकाट, चूक माझी. नवा बिट मागवलाय. तोवर त्या स्क्रूला हात लावू नकोस.

केंद्रात नाव घातलं. एक तारखेला खाट रिकामी होतेय, तेव्हा लवकर कळव. वाईट वाटून घेऊ नकोस ताई. त्या रविवारी आपण चंद्रप्रकाश भाऊजींच्या पुढ्यातच सगळं बोललो, ते नुसते भिंतीकडे बघत होते. डॉक्टरही म्हणाले होते, किती कळतं ते सांगता येत नाही. तू पडलीस तर मग दोघांकडे बघणार कोण?

श्वेताचा नमस्कार. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
केयूर

मुलुंड (पूर्व)
२० फेब्रुवारी २०२५

चि. केयूर यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता कानशीच्या ओळीवर थांबले. उठून डबा काढला. यांना झोप लागल्यावर तो बिट मी मुठीतून सोडवून परत डब्यात ठेवला होता. चष्मा लावून बघितला. झिजलेला नव्हता रे. टोक सपाट होतं, त्यावर कानशीचे ओरखडे होते. यांनीच कधीतरी घासून ठेवलेला.

यांना घेऊन खाली गेले. बिट त्यांच्यासमोर धरला तर त्यांनी तो माझ्याच हातात दिला आणि वरून माझी मूठ दाबली, जोर दे म्हणून. लावला. अर्धवट गेलेली खाचसुद्धा त्याने धरली. स्क्रू आला आणि हे अर्ध्या तोंडाने हसले. मी तिथेच गाडीला टेकून रडले. वॉचमन पाणी घेऊन आला बिचारा.

म्हणजे त्यांना कळतं, केयूर. मग त्या रविवारचंही कळलं. भिंतीकडे का बघत होते, तुझा फोन आला की हात का आपटतात, सगळं आता माझ्या डोक्यात शिरतंय. माझीच मला लाज वाटते.

घरी आल्यावर तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता. मग सरळ विचारलं, जायचं का तिथे. नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. नाव काढून टाक, असं तुला लिहायला कागदही काढून ठेवला होता. ते बराच वेळ माझ्या तळहातावरच्या फोडाकडे बघत राहिले. आणि मान हलवली. हो म्हणून.

आता काय लिहावं मला सुचत नाही. दमलेली तर मी आहेच, दिवा लागला म्हणून ते संपलं नाही. पण माझ्याकडे बघून हो म्हणणाऱ्या माणसाला सोडून यायचं कसं? तू या रविवारी ये. एक तारखेचं तेव्हा ठरवू, तिघं मिळून. आल्यावर आधी त्यांच्याशी बोल, मग माझ्याशी. तुझी खुर्ची त्यांच्यासमोर मांडून ठेवते.

हे पत्र त्यांना वाचून दाखवूनच पाकिटात घालतेय. आम्हा दोघांचा लोभ तुझ्यावर होता तसाच आहे.

तुझी,
कुंदाताई