चार टिकल्यांची खिडकी

इंदूर, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. अभिराम,

आशीर्वाद. तब्येत बरी आहे, गुडघे आपल्या जागी आहेत. फोन तुम्ही स्पीकरवर टाकून भाजी चिरता, म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाच.

वरची किरायेदार पलक परवा भंवरकुआंला हॉस्टेलात गेली. क्लास जवळ पडतो म्हणे. "आती रहूँगी आजी," म्हणाली. येणारे असं सांगून जात नाहीत. काल सवयीने तिच्यापुरते पोहे भिजवले गेले, मग संध्याकाळीही तेच खाल्ले.

बाकी ठीक.

तुझ्या स्वानंदीने दिवाळीत इथे आली तेव्हा तुमचा पुण्याचा नवा फ्लॅट प्लास्टिकच्या विटांचा करून दिला, तो टीव्हीजवळ ठेवलाय. पोरगी तुझा नकाशा पुढ्यात घेऊन बसली होती. विटेवरच्या उंचवट्यांना ती टिकल्या म्हणते. एक टिकली म्हणजे एक फूट.

"आजी, हे बघून ठेव, म्हणजे तिथे आल्यावर चुकणार नाहीस."

"तेवढ्याशा घरात चुकायला मी काय मेंढी आहे?"

"ही तुझी खोली. बघ, खाटपण ठेवली."

खाट होती. खिडकी नव्हती. बाकी सगळ्या खोल्यांना होती. मला वाटलं, नऊ वर्षांची पोर, घाईत विसरली. उरलेल्या तुकड्यांच्या पिशवीत दोन खिडक्या पडल्याच होत्या. तुम्ही गेल्यावर एक दिवस म्हटलं, आपणच बसवू, दुपार तरी जाईल.

सोपं नाही रे ते. खिडकी चार टिकल्या रुंद, तीन विटा उंच. माझी भिंत आठ टिकल्यांची, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन सोडून मधे भोक पाडायचं. विटा सांधे चुकवून लावलेल्या, एक उपसली की शेजारची डोलते. पहिल्यांदा चौकट डोकं वर काढून बसली. खाली एक चपटी राहून गेली होती. तीन चपट्या मिळून एक वीट होते, पण एक जरी जास्त झाली तरी वरची आडवी बसत नाही. पुन्हा उपसलं. मग बसली, अगदी नीट. काच लावली आणि डोळा लावून पाहिलं.

पलीकडे तुमचं बाथरूम.

दुसऱ्या भिंतीत लावून पाहिली, तिकडे ओटा निघाला. घर गोल फिरवलं. तिसरीपलीकडे तुमचा पलंग, चौथीत दार, तेही बोळात उघडणारं. बाहेरची भिंतच नाही त्या खोलीला. पोरगी काही विसरली नव्हती. तिला रागावू नकोस, तिने नकाशात होतं तेच बांधलं.

"आई, खोली एकदम हवेशीर आहे." हे तू म्हणाला होतास. सामान ठेवायची खोली मला ओळखू येते, अभिराम. संसार केलाय मी.

२८ तारखेला इथल्या घराच्या विक्रीवर माझी सही घ्यायला तू येणार आहेस. सही करत नाही जा, असं दोनदा लिहून खोडलं. मागच्या पानावर गिचमिड दिसतेय ती तीच.

इथे मला पाच खिडक्या आहेत. सकाळी उघडते, दिवेलागणीला लावते, मधे कोणी हाक मारत नाही. कचऱ्याची गाडी येते, तिचा गाडीवाला "क्या अम्मा, कैसे हो" विचारतो. म्हणून ओला कचरा आणि सुका कचरा मी वेगवेगळ्या खेपेत नेते. तो हसतो, म्हणतो, "अम्मा, एक साथ ले आया करो." खामखा अक्कल शिकवतो.

तर सही करीन आणि येईनही. त्या खोलीत राहीन. दिवा लावून बसता येतं, पंखा असतो, मी काही तुळस नाही ऊन लागायला.

फक्त आलास की आधी खोलीचं सांग, आपल्या तोंडाने. मला ठाऊक आहे तरी सांग. अंधाराचं मला काही नाही. पण तुझं प्रत्येक "हो आई" तिथे पडल्या पडल्या तपासत बसायचं, ते माझ्याने होणार नाही. नाहीच सांगितलंस, तर चहा पी आणि बिनसहीचा कागद घेऊन परत जा.

वाट बघतेय असं लिहीत नाही.

आई