आधार समितीचे अध्यक्ष

३ तारीख, सकाळ
वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आणि त्यांच्या मिस्टरांनी एका संस्थेकडून सात वर्षांची मुलगी फॉस्टरसाठी आणली. दत्तक नव्हे; आई हॉस्पिटलातून बरी होऊन येईपर्यंत सांभाळायची. पोरगी एका जागी ठरत नाही, म्हणून बिल्डिंगने नाव ठेवलं भिंगरी. सौ. म्हणाली, असे पालक बरेचदा मध्येच हात टेकतात, कारण शेजारी नुसतं कौतुक करून घरी जातात. तत्क्षणी आधार समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. दुसरं कुणी तयार होण्याआधीच.

६ तारीख
ग्रुप काढला. रोज पहाटे एक सुविचार टाकणार. पहिली बैठक नर्सबाईंच्याच घरी. आधार जिथे द्यायचा तिथेच बैठक हवी. उपस्थिती भरघोस. चहा नर्सबाईंनीच केला. त्या नाइट ड्यूटी करून आल्या होत्या, हे नंतर कळलं. चहा मात्र फर्मास.

९ तारीख
तक्रार : खालचा बेकरीवाला कुणालाही न विचारता भिंगरीला शाळेत सोडतो. ठराव नाही, अनुमोदन नाही. सौ.सुद्धा परस्पर वर जेवण पोचवते. टोकलं तर म्हणाली, भूक ठरावासाठी थांबत नाही. घरातच शिस्त नाही, तिथे बिल्डिंगचं काय घेऊन बसलात.

१४ तारीख, संध्याकाळ
दुसरी बैठक. ‘बालसंगोपन आणि आपण’ यावर तासभर बोललो. नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सौ.च्या मते त्या जांभया दाबत होत्या. तिला भाषणातलं कळत नाही.

१९ तारीख
वाईट बातमी. नर्सबाई सौ.जवळ रडल्या. मुलगी धड झोपत नाही, दचकून उठते, आईला हाका मारते. ड्यूटीवर झोपेच्या तारेत त्यांच्या हातून भलतंच औषध दिलं जाता जाता राहिलं. आता संस्थेला कळवणार, की मुलीला घेऊन जा. आणि वर घरात सारखी माणसं, म्हणाल्या. हे सांगताना सौ. माझ्याकडे बघत होती. रोख बेकरीवाल्यावर असावा.
तातडीची बैठक लावली.

२० तारीख
सौ.ने ती रद्द केली! ग्रुपवर लिहिलं : बैठक नको, पाळ्या लावू. सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. निषेध म्हणून मी राजीनामा टाकला. दुपारपर्यंत कुणी स्वीकारलाही नाही, नाकारलाही नाही. शेवटी समितीच्या हितासाठी मीच मागे घेतला.

२३ तारीख, रविवार
पाळी माझी. भिंगरी दुपारभर आमच्याकडे. वर ती दोघं झोपणार. बेत : आधी पाढे, मग नागरिकशास्त्र. ती आल्या आल्या कपाटावर चढली. उतर म्हटलं, उतरली नाही. पाढे राहिले.
मग वरूनच विचारलं, “आजोबा, मला इथूनपण दुसऱ्या घरी पाठवणार?”
हे तिचं तिसरं घर.
“नाही,” म्हणालो. कुठल्या अधिकारात, देव जाणे.
ती उतरून शेजारी येऊन बसली. काहीतरी बोलायला हवं, म्हणून समितीची उद्दिष्टं समजावू लागलो. पहिल्या उद्दिष्टावर तिचं डोकं माझ्या दंडावर आलं. हात पार बधिर झाला. हलवला नाही.

२५ तारीख
नर्सबाई स्वतः खाली आल्या. चेहरा टवटवीत. संस्थेला काही कळवत नाही म्हणाल्या. पाळ्या अशाच चालल्या, तर निभेल. बेकरीवाल्याचे आणि सौ.चे आभार मानले. मग माझ्याकडे वळल्या.
“काका, इतकी गाढ झोपलेली मी तिला कधी बघितली नव्हती. रोज संध्याकाळी येऊन बोलाल का? विषय कुठलाही चालेल.”
अखेर समाजाला माझ्या विचारांची किंमत कळली. लगेच होकार दिला.

३० तारीख
पाचवं व्याख्यान. आज भिंगरी आणि नर्सबाई दोघीही प्रस्तावनेतच झोपल्या. मुख्य मुद्दा अजून कुणीच ऐकलेला नाही.