चिठ्ठी न काढलेला फोटो

५ फेब्रुवारी, सोमवार
आज पुन्हा दोन चिठ्ठ्या गायब! मिठागरांच्या जुन्या फोटोंवर मी स्वतः चिकटवलेल्या. आठवड्यात पाच झाल्या, आणि सगळ्या बायकांच्या फोटोंवरच्या. कोपरीतलं आमचं ग्रंथालय केवढंसं, त्यात मिठागरांखेरीज विषय नाही. माझ्याशिवाय फोटोंच्या पेटीला हात लावते ती फक्त म्हातारी तुळसाबाई — आमचे ट्रस्टी काळुरामशेठ यांची आत्या. म्हणे वाचता येत नाही! मग रोज येऊन बघते काय?

६ फेब्रुवारी
सूचीचे नियम ठरवायची बैठक. मी म्हटलं, आजवर मी चिठ्ठ्यांवर केलं तसंच — फोटोच्या मागे नाव लिहिलेलं असेल तरच नोंदवायचं, नाहीतर 'अज्ञात'. शेठ लगेच, "म्हाताऱ्या मानसांना इचारून लिवा ना, म्याडम. विषयांची नावंपन आमचे लोकांचे शब्दांत ठेवा."
एवढा कळवळा? मिठागरांच्या जमिनींना सोन्याचा भाव आलाय. आज फोटोत आपली माणसं घुसवायची, उद्या तोच हक्काचा पुरावा म्हणून नाचवायचा! कुठेतरी पाणी मुरतंय. मी हटले नाही. माझाच नियम मंजूर झाला.

८ फेब्रुवारी
कपाटाआडून लक्ष ठेवलं. म्हातारी नुसती बसून राहिली. शेठनी सावध केलं असणार.

९ फेब्रुवारी
पकडली! फोटो ४१, डोक्यावर मिठाची पाटी घेतलेली बाई. तुळसाबाई नखाने चिठ्ठी खरवडत होती. मी ओरडलेच — शेठनी पाठवलं ना तुम्हाला?
"त्याला काय ठाव? नातीनं वाचून दावला, हितं 'अज्ञात' लिवलाय. ही माजी आय हाय. चांगुणा. आख्खी कोपरी तिला नावानं हाक मारायची." मग हळूच, "बाकीच्यापन आमच्याच शेजारनी. तू कदी इचारलाच नाय."
इतकी लाज खूप दिवसांत वाटली नव्हती.

१२ फेब्रुवारी
तिला शेजारी बसवून नोंदी केल्या. सहा फोटो, सहा नावं. 'माहिती: तुळसाबाई, तोंडी.' नियम मीच केला, मीच मोडला.
पेटीत एका बाईचा आणखी एक फोटो होता, चिठ्ठी जशीच्या तशी. मी पेन उघडून म्हटलं, आणि ही?
तिने फोटो उजेडात धरला, बराच वेळ बघितला.
"हिला मी नाय वलखत. म्हनून तर हिची चिठ्ठी काढली नाय."